सरांचा कट

वर्गात पाऊल टाकल्याटाकल्या तिनं पंखा बंद करायला लावला. फेब्रुवारी संपत आला होता, वर पत्रा होता आणि खाली नववी ब ची सेहेचाळीस पोरं. तरी एकानं उठून मुकाट्यानं बटण दाबलं. मग ती फळ्यापुढं उभी राहिली.

"आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही. डोळे मिटायचे. जे जे ऐकू येईल ते मिनिट संपल्यावर कागदावर लिहायचं. सिनेमा नुसता डोळ्यांनी बघत नाहीत, निम्मा कानांनी बघतात."

मी वर्गशिक्षक, म्हणून फळ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. तिनं माझ्याकडंही एक कोरा कागद सरकवला. "तासगावकर सर, तुम्हीपण लिहा ना. मुलांना बरं वाटेल."

तिचं नाव अनघा पोतनीस. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेकडून आमच्या पाचखळीच्या हायस्कुलात आली होती. मुलांना मोबाइलवर आणि छोट्या कॅमेऱ्यावर सिनेमा करायला शिकवायचं, गोष्ट रचण्यापासून ती जोडून दाखवण्यापर्यंत, असा सहा आठवड्यांचा उपक्रम होता. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. मुलांनी मॅडम म्हटलेलं तिला चालत नव्हतं, ताई म्हणायचं. शिकवणाऱ्या बाईला ताई म्हणणं मला पहिल्या दिवसापासून खटकलं.

मी डोळे मिटले. माझ्या कानात नेहमीची घूंऽऽ चालू होती आणि ती काही लिहिता येत नव्हती. बाकी काही नव्हतं.

आता सांगूनच टाकतो. माझे दोन्ही कान जात चालले होते. डावा जवळपास गेलाच होता. उजव्यानं समोरच्या माणसाचं जाडंभरडं ऐकू यायचं, उरलेलं मी ओठांवरून जुळवून घ्यायचो. हे घरात फक्त शकूला, म्हणजे माझ्या बायकोला ठाऊक होतं. "कानाचं मशीन घ्या," म्हणून ती दोन वर्षं माझ्या मागं लागली होती. पण मशीन दिसतं. आमचे मुख्याध्यापक शेटे सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर ज्येष्ठतेनं मी आणि माझ्या पाठोपाठ विज्ञानाचे घोलप. सत्तावीस वर्षं मराठी शिकवून त्या खुर्चीची मी वाट बघत होतो. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष जगदाळे तात्या कागदापेक्षा माणूस बघून ठरवणारे. आमच्या दुसऱ्या शाखेतल्या एका शिक्षकाची नजर अधू झाली तेव्हा ते भर सभेत म्हणाले होते, "खुर्चीत बसनारा मानूस धड पायजे." ते मला समोरच्या रांगेत बसून अगदी नीट कळलं होतं.

तर डोळे उघडून मी कागदावर लिहिलं: पिठाची गिरणी. दुधाची मोटारसायकल. पाचवीच्या वर्गातले पाढे. सकाळी अकराला आमच्या शाळेत दुसरं काय ऐकू येणार, सत्तावीस वर्षं तेच ऐकत आलो होतो.

पहिल्या बाकावरच्या नसीम मुलाणीनं कागद गोळा केले. मुलाण्याची धाकटी, वर्गात सगळ्यात हुशार, तोंडानं फटकळ. अनघानं एकेक कागद वाचून दाखवला. माझा शेवटी वाचला. वाचता वाचता ती क्षणभर थांबली, मग पुढं वाचलं, आणि कागद गठ्ठ्यात घालून टाकला. वर्ग शांत होता. नववीची पोरं, कुणाची चप्पल तुटली तरी पाच मिनिटं हसणारी. त्यांच्यातलं एकही पोर माझ्याकडं बघत नव्हतं.

घरी जेवताना शकू म्हणाली, "दळण शेजारच्या गावाला पाठवलं. गिरणी चार दिवस झालं बंदच हाय. मोटार जळलीया."

मी कागदावर सगळ्यात वर गिरणीच लिहिली होती.

संशयाला माझ्याकडं तशी पहिल्यापासूनच बरी जागा होती. परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्यात कान गेले. ज्याला अर्धंच ऐकू येतं तो उरलेलं अर्धं स्वतः लिहितो, आणि ते आपल्या बाजूनं कधी लिहीत नाही. त्या रात्री मी हिशेब जुळवला. पुण्याची बाई येते, आल्याआल्या ऐकण्याची परीक्षा घेते, मुद्दाम मलाही कागद देते. कुणीतरी सांगितल्याशिवाय असं कोण करेल?

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी बोलताना अगदी समोर येऊन उभी राहायला लागली. तोंड माझ्याकडं, शब्द सुटे सुटे. "सर, आज, आपण, मैदानात, शॉट घेणार आहोत. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. "मी काय बालवाडीतला नाही. भरभर बोललात तरी कळतं."

ती ओशाळली. "सॉरी सर. सवय आहे मला." सवय कसली, हे तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पोरांचंही काहीतरी बिनसलं होतं. मी व्हरांड्यातून आलो की घोळका फुटायचा. ओठ हलत असायचे ते थांबायचे. एकदा मी फळ्यावर समास लिहीत होतो. वळलो तर अनघा वर्गाच्या दारात उभी आणि सगळा वर्ग तिच्याकडं बघतोय. ती कधी आली, तिनं मला हाक मारली होती का, किती वेळा मारली होती, काहीच कळायला मार्ग नव्हता. मग ती आत आली, वळसा घालून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, दहा मिनिटं मुलं देता का?" माझी खात्रीच पटली. मागून हाक मारून बघितली होती तिनं, आणि मी नापास झालो होतो.

त्याच आठवड्यात ती घोलपांबरोबर चिंचेखाली बोलताना दिसली. घोलप हातवारे करत होते. अनघा हसत होती. मग दोघांनी एकदम माझ्या वर्गाच्या खिडकीकडं बघितलं. मी खिडकीतून बाजूला झालो.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. "तुमच्या त्या सिनेमात माझं शूटिंग चाललंय का?"

"नाही सर. विचारल्याशिवाय कुणाचंच घेत नाही आम्ही."

"मग कॅमेरा सारखा माझ्या दाराकडं का असतो?"

"तुमच्या दाराबाहेर उजेड चांगला असतो, सर. बाकी सगळीकडं सावली आहे."

उत्तर तयार होतं. मला तयार उत्तरांचा अनुभव आहे. ज्या पोराच्या बाहीत चिठ्ठी असते त्याच्याकडंच उत्तर तयार असतं.

आणि मग मला ती वही मिळाली.

उपक्रमाच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी मी नववी ब च्या निबंधाच्या वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. सगळ्यांना खाकी कव्हर. नसीमची उघडली तर आत निबंध नव्हता. चौकटी आखून त्यात चित्रं काढलेली, कोंबडी, खाट, माणसं, खाली आकडे. चुकून दुसरीच वही आली होती. मी मिटणार होतो, पण शेवटच्या पानावर नजर गेली. नसीमच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं:

"सरांचा कट शुक्रवारपर्यंत पुरा करणे. आवाजावर काही सोडायचं नाही. घोलप सरांचं तोंड दिसत नाही, ते बघणे. सरांना आधी कळता कामा नये. तात्यांसमोरच."

शुक्रवारी तात्या शाळेत येणार होते, मुलांचा सिनेमा बघायला.

मी ते पान चार-पाच वेळा वाचलं. शूटिंगमध्ये 'कट' म्हणतात एवढं मलाही ठाऊक होतं. कॅमेरा बंद करायला म्हणतात. पण तो कट पुरा कसा करणार? तो शुक्रवारपर्यंत कसा चालणार? आणि तो सरांचा कसा? मी व्याकरणाचा माणूस. 'चा' हा षष्ठीचा प्रत्यय. सरांचा डबा म्हणजे सरांच्या मालकीचा. सरांचा फोटो म्हणजे ज्यात सर दिसतात तो. सरांचा राग म्हणजे सरांना आलेला, किंवा कुणाला सरांवर आलेला. सर तर काही शिजवत नव्हते. म्हणजे सरांवर शिजवलेला कट, दुसरा अर्थच निघत नव्हता. घोलपांचं तोंड दिसत नाही, कारण ते मागं राहून दोऱ्या हलवताहेत. आवाजावर काही सोडायचं नाही, म्हणजे नुसत्या आवाजानं हा माणूस उघडा पडेल एवढ्यावर विसंबायचं नाही, दुसराही पुरावा ठेवायचा. शुक्रवारी, तात्यांसमोर, भर सभेत मी ठार बहिरा आहे हे दाखवून देणार आणि मेमध्ये खुर्चीत घोलप. सगळं कसं बिनचूक बसत होतं. मला इतका राग आला की शकूनं पुढं केलेला चहा मी तसाच ठेवला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तात्यांच्या घरी गेलो. दूध संघात ते भेटले असते, पण तिथं मशिनं चालतात आणि मला काही उमगत नाही. तात्या सोप्यात बसले होते. मी बरोबर समोरची खुर्ची घेतली आणि वही त्यांच्या हातात दिली. कानांबद्दल अर्थातच चकार शब्द काढला नाही. पुण्याची बाई पोरांना शिक्षकांविरुद्ध भरवते आहे, शाळेची शिस्त धोक्यात आहे, एवढंच बोललो.

तात्यांनी बोट ठेवून वाचलं. "कट? आन माज्यासमोर?"

"तसंच लिहिलंय, तात्या."

"घोलप मागं हाय तर. त्याचा मेव्हना आमच्या इरोधी पॅनलात फिरतोय, ठावं हाय मला." त्यांनी पान पुन्हा वाचलं. "ही पोरगी कुनाची?"

"बापू मुलाण्याची. नसीम."

"हुशार हाय म्हनं."

"आहे."

"मग तर दाखला देऊन मोकळं करा. मठ्ठ पोरानं वांडपना केला तर एक येळ चालतंय. हुशार पोर आतापास्नं कट करायला लागलं तर फुडं काय करंल? आन त्या बाईकडनं माफी लिहून घिऊ. तिच्या संस्थेला मी कळवतो, हिला पुन्यांदा कुटल्या शाळंत पाठवू नका म्हनून. तो शिनेमा बी जप्त करा."

पुढचं हायस्कूल अकरा किलोमीटरवर. बापू मुलाण्यानं थोरल्या पोरीला आठवीतच घरी बसवलं होतं. दाखला हातात पडला की नसीमचं शिक्षण तिथंच संपणार, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. ते मला ऐकू आलं नाही असं मला म्हणता येणार नाही. तात्या समोर बसले होते, उजेड चांगला होता, ओठ स्वच्छ दिसत होते.

शुक्रवारी सकाळी शेटे सरांनी लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह ताब्यात घेतला. मला बोलावून म्हणाले, "तक्रार तुमची आहे. तुम्हीच आधी बघून घ्या. आक्षेपार्ह काय असेल ते लिहून ठेवा, म्हणजे तीन वाजता तात्यांपुढं वाचायला बरं."

संगणकाच्या खोलीत मी एकटा बसलो. कागद घेतला, वर 'आक्षेपार्ह बाबी' लिहिलं, खाली रेघ मारली आणि एकचा आकडा टाकला.

पेन ड्राइव्हवर दोन फायली होत्या. एकीचं नाव 'सगळ्यांचा कट'. दुसरीचं 'सरांचा कट'. मी दुसरी उघडली.

सिनेमाचं नाव होतं 'अंडं कुणाचं'. एका बाईची कोंबडी रोज शेजारणीच्या परड्यात जाऊन अंडं घालते. कोंबडीची मालकीण म्हणते अंडं माझं, शेजारीण म्हणते जागा माझी. दोघी भांडत भांडत सरपंचाकडं जातात. सरपंच झाले होते घोलप सर, फेटा बांधून. त्यांचा फेटा पुढं यायचा आणि तोंड झाकायचं. ते दृश्य पुन्हा घेतलेलं दिसत होतं, त्यात फेटा वर सरकवला होता आणि ओठ नीट दिसत होते.

मला सगळं कळत होतं. ही गोष्ट माझ्या जरा उशिरा ध्यानात आली. पडद्यावर कुणीही बोललं की खाली मोठ्या अक्षरात ते वाक्य यायचं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण एकही वाक्य सुटलं नव्हतं. नुसती वाक्यं नव्हेत. कंसात बाकीचंही लिहिलं होतं. (दार वाजते.) (म्हातारी आतून खोकते.) (लांबून एस. टी. चा हॉर्न.) मी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली.

शेवटी दोघी बायका सरपंचापुढं गळे काढत असतात आणि तेवढ्यात कोंबडी सरपंचाच्याच खाटेखाली ओरडते. तिथंही अंडं. इथं एक दृश्य होतं, खाटेखाली बसलेली कोंबडी आणि तिचं उघडं तोंड, चांगलं चार सेकंद. मी मोठ्यानं हसलो.

मग मी 'सगळ्यांचा कट' लावला. तोच सिनेमा. त्यात अक्षरं नव्हती. घोलपांचा फेटा डोळ्यांवर आला होता आणि ते काय निवाडा देताहेत ते मला कळलं नाही. शेवटी बायका भांडत असताना सगळे एकदम खाटेकडं बघून हसायला लागले. का हसले ते दिसलंच नाही. कोंबडी त्यात नव्हती. तिचा नुसता आवाज होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता.

आवाजावर काही सोडायचं नाही.

शिपाई रोज सकाळी दारात येऊन म्हणतो, "सरांचा चहा आणलाय." सरांचा चहा म्हणजे सरांसाठी केलेला चहा. सत्तावीस वर्षं षष्ठी शिकवली आणि हा अर्थ मला सुचला नव्हता. पोरीनं 'साठी' हे शब्दयोगी अव्यय लावून लिहिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, असंही मला वाटून गेलं. तेवढ्यातही चूक मी तिचीच काढत होतो.

मी 'सरांचा कट' पुन्हा लावला. या खेपेला सुरुवातीलाच थांबलो. नावं यायच्या आधी आमच्या शाळेचं छप्पर दिसतं, काही घडत नाही. खाली लिहिलं होतं: (पत्र्यावर पारवे घुमतात. दिवसभर घुमतात.)

आमच्या पत्र्यावर पारवे घुमतात हे मी विसरूनच गेलो होतो. पूर्वी त्यांच्या नावानं मी बोटं मोडायचो, शिकवू देत नाहीत म्हणून. ते गेले असतील असंच कधीतरी मी धरून चाललो होतो. मला रडू आलं. आक्षेपार्ह बाबींच्या कागदावर मी डोकं टेकलं.

नसीम मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. वडिलांना बोलावणं गेलं होतं. मी तिला संगणकाच्या खोलीत बोलावलं. तिचे डोळे सुजले होते.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?" मी विचारलं.

तिनं आधी पडद्याकडं बघितलं, मग तोंड माझ्याकडं करून, सावकाश बोलली. ही मुलं माझ्याशी कायम अशीच बोलत होती. मला वाटायचं, मी लावलेली शिस्त.

"सातवीपास्नं, सर."

"सगळ्या वर्गाला?"

"व्हय. नवीन कुनी आलं तर आमी पैल्याच दिशी सांगतो. उत्तर देताना उभं ऱ्हायाचं, सरांकडं बघून बोलायचं. सर पाठमोरं असलं तर बोलायचं न्हाय."

"बाहेर कुणाला बोललात?"

"न्हाय सर. घरी बी न्हाय. तात्यास्नी कळलं तर तुमाला हेडमास्तर करनार न्हाईत, ठावं हाय आमाला."

"आणि ताईंना?"

"त्यांला आमी न्हाय सांगितलं. गिरनीमुळं कळलं त्यांला." ती जरा थांबली. "त्यांचा भाऊ तसाच हाय, सर. ल्हानपनापास्नं. त्या म्हनल्या, सरांना इचारून करूया. आमीच नगं म्हनलो. तुमाला वाईट वाटलं असतं. नुसतं सिनेमा लागला की तुमाला कळायचं, आन तात्यास्नी वाटायचं, हे असंच असतंय. म्हनून तात्यांसमोरच."

"आणि कट कशाला म्हणायचं?"

"ताई तसंच म्हनत्यात की. जोडून पुरा झाला की त्याला कट म्हनायचं. ह्यो पैला कट, ह्यो दुसरा." मग ती एकदम म्हणाली, "सर, मला दाखला देनार का?"

मी उत्तर दिलं नाही. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं तेच पुन्हा, आणखी सावकाश विचारलं.

तीन वाजता शेटे सरांच्या खोलीत सगळे जमले. तात्या खिडकीशेजारी, पुढ्यात दाखला, त्यावर फक्त सही राहिलेली. बापू मुलाणी टोपी हातात घेऊन दाराशी उभा. नसीम त्याच्या शेजारी. घोलप तांबडेलाल होऊन बसले होते. अनघा एका बाजूला, पिशवी भरून तयार. मी तात्यांच्या समोर.

"बोला बाई," तात्या म्हणाले. "सरांचा कट म्हंजी काय?"

अनघानं माझ्याकडं एकदाच बघितलं. "शब्द माझा होता. चुकीचा वापरला गेला. मी माफी लिहून देते आणि आजच जाते. मुलांनी फक्त मी सांगितलं ते केलं. नसीमला काही करू नका."

"आवो पन अर्थ काय त्याचा?"

तिनं पिशवी उचलून खांद्याला लावली.

"मी फक्त सरपंचाचं काम केलं," घोलप म्हणाले. "फेट्यानं तोंड झाकतंय म्हणून पुन्हा उभं केलं मला. यापलीकडं मला काही ठाऊक नाही."

तात्यांनी नसीमकडं मान वळवली. "तू सांग गं. तुजंच अक्षर हाय न्हवं?"

नसीम खाली बघत उभी राहिली. वर्गात कधी गप्प न बसणारी पोर. बापूनं तिच्या खांद्याला हलवलं आणि तात्यांना म्हणाला, "चुकलं पोरीचं. पदरात घ्या."

तात्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

मला फक्त बसून राहायचं होतं. कुणी माझ्याकडं बोट दाखवत नव्हतं. दोघी मिळून माझी खुर्ची राखत होत्या आणि त्यासाठी एक बाई आपलं काम घालवायला निघाली होती, एक चौदा वर्षांची पोर शाळा. मी अजून दोन मिनिटं गप्प राहिलो असतो तर मेमध्ये मुख्याध्यापक झालो असतो. मला ते हवं होतं. फार हवं होतं, हे आजही खोटं बोलणार नाही.

"तात्या, सही करू नका," मी म्हणालो. "तो कट माझ्यासाठी केला होता. तीन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. पोरांनी सगळं बोलणं खाली लिहून माझ्यापुरता वेगळा सिनेमा केला. मी तो आज बघितला. तक्रार खोटी आहे, ती मी केली, माझ्या हातानं मागं घेतो."

अनघानं तोंडावर हात धरला. घोलप माझ्याकडं बघतच राहिले. तात्या उठले, खिडकीकडं वळले आणि माझ्याकडं पाठ करून काहीतरी बोलले. बराच वेळ बोलत होते. शेटे सरांनी मान खाली घातली. नसीमनं सवयीनं माझ्याकडं तोंड केलं, मला सांगायला ओठ उघडले. मी हातानंच तिला थांबवलं.

"तात्या," मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही. इकडं तोंड करून पुन्हा बोला."

ते वळले. काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, पण जवळ आले, टेबलावर हात टेकले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "हेडमास्तरकीचं इसरा, सर."

"ते कळलं," मी म्हणालो. "आता पोरीच्या दाखल्याचं बोला."

तात्यांनी तो कागद उचलला, उभा फाडला, मग आडवा फाडला आणि शेटे सरांच्या टोपलीत टाकला. बोलले काहीच नाहीत. मी त्यांच्या ओठांकडंच बघत होतो.